पाणी शेवटी आलं

धावायला मला कुणी शिकवलं नाही. कोल्हापूरच्या पूर्वेला, उसाच्या पट्ट्यात आमचं गाव. शेतावर न्याहारी पोचवायची, घरी राहिलेला विळा आणून द्यायचा, फाट्यावर एसटी दिसली की आबांना सांगायला सुटायचं, सगळं पळतच. बांधावरची ओली माती आणि चैत्रातला तापलेला फुफाटा, दोन्ही माझ्या अनवाणी पायांच्या ओळखीचे. शाळेत खो-खो आला आणि या पळण्याला मैदान मिळालं. मुलगी पळते याचं घरात कुणाला वावगं वाटलं नाही, कारण पळण्याने कामं होत होती.

सायकलही अशीच आली. हायस्कूल शेजारच्या गावात होतं. आधी आबांच्या उंच सायकलच्या मधल्या नळीखालून पाय घालून शिकले, मग एका दिवाळीत लेडीज सायकल आली. सकाळच्या गार वाऱ्यात आम्ही मुली एका ओळीत शाळेला निघायचो. त्या सायकलने मला गावाबाहेरचं जग दाखवलं. तिच्यामुळे शिक्षण झालं, पुढे नोकरी लागली. पाय आणि चाक, दोन्ही माझ्याकडे वेळेवर आले.

पाणी मात्र आलं नाही. आमच्या मळ्यात विहीर होती, दगडी पायऱ्यांची. वैशाखात भावंडांचा मुक्काम तिथेच. पाठीला वाळका भोपळा बांधायचा, कमरेला दोर, आणि काठावरून तात्या दोर सैल सोडत जायचे. आठवड्याभरात भोपळा सुटायचा, मग सूर, मुटके, तळाची माती मुठीत आणून दाखवायची चढाओढ. मी पायरीवर सगळ्यांचे कपडे सांभाळत बसायची. एकदा धीर करून म्हटलं, मलाही शिकवा. तात्या रागावले नाहीत. साधेपणाने म्हणाले, ‘‘पोरीनं पवून काय करायचं हाय?’’ आज्जीने तर विहिरीकडे एकटीने फिरकायचंच नाही, अशी शपथ घातली. तिच्या तोंडी विहिरीचा विषय निघायचा तो पाणी भरताना पाय घसरून गेलेल्या किंवा जाचाला कंटाळून गेलेल्या बायकांच्या आठवणीने. तिच्या भीतीला कारण होतं. त्या भीतीवर पोहायला शिकवणं हाच उपाय आहे, हे मात्र कुणाला सुचलं नाही.

लग्न करून कोल्हापुरात आले, तेही नदीच्या बाजूच्या गल्लीत. पंचगंगेवर दिवे सोडले, घाटावर बसले, पावसाळ्यात पुलावरून पाणी बघायला गेले. मुलांना उन्हाळी वर्गात पोहायला घातलं, आणि कठड्यापलीकडच्या बाकावर टॉवेल आणि डबा घेऊन बसले. त्या बाकावर माझ्यासारख्या सगळ्याच आया होत्या. मुलं पाण्यात आणि आम्ही कोरड्या, यात काही चुकतं आहे असं कुणालाच वाटत नव्हतं.

२०१९च्या ऑगस्टमध्ये महापूर आला. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट आहे. त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. आमच्या गल्लीत पहाटे पाणी शिरलं आणि दुपारी आम्हाला बोटीतून बाहेर काढलं. अंगात केशरी जॅकेट, मांडीवर कागदपत्रांची पिशवी. रोज ज्या रस्त्याने भाजी आणायची, त्याच रस्त्यावर खाली किती पाणी आहे याचा अंदाज येईना. बोट एका खांबाला घासून हलली तेव्हा माझ्या हातांनी काठ असा धरला की उतरल्यावर बोटं सरळ करायला वेळ लागला. पन्नाशी जवळ आलेली, दोन मुलं वाढवलेली, नोकरी सांभाळलेली मी, आणि बोट उलटली असती तर स्वतःसाठी काहीही करू शकले नसते. पाणी ओसरल्यावर घरातला गाळ काढता काढता मी ठरवलं की आता शिकायचं.

तरणतलावावर महिलांच्या बॅचमध्ये नाव घातलं. मध्ये करोनामुळे तलाव बंद राहिले, पुन्हा उघडल्यावर पुन्हा गेले. शिकवणारी मुलगी माझ्या लेकीच्या वयाची. कठड्याला धरून मी दम कोंडायची, तोंड वर काढून हपापल्यासारखी हवा ओढायची, आणि तरी जीव घाबरायचा. ती म्हणाली, ‘‘काकू, घ्यायची घाई करू नका. आधी सोडा की.’’ मग तिने कारण सांगितलं. दम कोंडला की जी तगमग होते ती बहुतेक वेळा प्राणवायू संपल्यामुळे होत नाही. रक्तात कार्बन डायऑक्साइड साचतो आणि मेंदू धोक्याची घंटा वाजवतो. पाण्याखाली नाकातोंडातून सावकाश बुडबुडे सोडले की वर आल्यावर हवा आपसूक आत येते. एवढं कळायला मला पन्नास वर्षं लागली, कारण एवढं सांगणारं कुणी भेटलं नव्हतं. ज्या दिवशी तलावाची लांबी न थांबता पार झाली, त्या दिवशी तिने आणि मी एकमेकींचे ओले हात घट्ट धरले.

पोहणं, सायकल आणि धावणं सलग करायच्या ट्रायथलॉनचं नाव त्याच तलावावर ऐकलं. ऐकलं तेव्हा डोळ्यांसमोर आलं ते हवाईचं आयर्नमॅन. ३.८ किलोमीटर पोहणं, १८० किलोमीटर सायकल आणि वर अख्खी मॅरेथॉन. ते आपलं काम नव्हे, हे स्पष्ट होतं. मग कळलं, याच खेळात स्प्रिंट नावाचं अंतर आहे. ७५० मीटर पोहणं, २० किलोमीटर सायकल, ५ किलोमीटर धावणं. सिडनीत २०००मध्ये ट्रायथलॉन ज्या अंतराने ऑलिंपिकमध्ये आलं, त्याच्या बरोबर निम्मं.

लहान अंतर म्हणजे मोठ्याची पहिली पायरी, असं पुष्कळजण मानतात. इतिहास मात्र उलटा आहे. ट्रायथलॉन या नावाने आजचा हा खेळ सुरू झाला तो २५ सप्टेंबर १९७४ रोजी, अमेरिकेत सॅन दिएगोच्या मिशन बे या खाडीकाठी. कामाचा दिवस, संध्याकाळची वेळ, आणि धावण्याच्या एका क्लबाने जमवलेले सेहेचाळीस हौशी लोक. अंतरं लहानच, सायकल आणि पोहणं तर आजच्या स्प्रिंटहूनही कमी. अंधार पडला तेव्हा पाण्यातल्या शेवटच्या माणसांसाठी मोटारींचे दिवे लावले गेले. त्या हौशी लोकांत जॉन कॉलिन्स हे नौदल अधिकारी होते. त्यांनीच पुढे हवाईत आयर्नमॅनची कल्पना मांडली आणि १९७८मध्ये पंधरा जण त्यासाठी उतरले. म्हणजे लहान स्पर्धा हीच घरातली थोरली. नोकरी करून, घर सांभाळून उरलेल्या वेळात ज्यांना अंग हलवायचं आहे त्यांच्यासाठी हा खेळ जन्मला.

मिशन बेचा क्रम वाचला आणि मी थबकले. तिथे आधी धावणं होतं, मग सायकल, आणि पाणी सगळ्यात शेवटी. माझ्या आयुष्याचा क्रमही हाच! आज पोहणं पहिलं असतं. दमलेला माणूस रस्त्याच्या कडेला बसू शकतो, खोल पाण्यात तशी सोय नाही. म्हणून अंगात ताकद असते तेव्हाच पाणी उरकून घेतात. मलाही आता आयुष्यभराचा क्रम उलटवून पाण्यापासून सुरुवात करायची होती.

मी नाव दिलेली स्प्रिंट स्पर्धा कोल्हापुरातच राजाराम तलावावर होती, विद्यापीठाजवळच्या. पहाटे दंडावर आणि पोटरीवर नंबर लिहिला, घोट्याला वेळ मोजणारी चिप बांधली. तरणतलावाच्या तळाशी काळी पट्टी असते, ती धरून सरळ जाता येतं. तलावात पट्टी नाही, हिरवट पाण्यात स्वतःचा हातही दिसत नाही. काही हात मारले की डोळे वर काढून पुढचा बोया शोधायचा. भोंगा वाजला, आजूबाजूला हातपाय आदळायला लागले, आणि छाती आवळली. विहिरीची पायरी, बोटीचा काठ, सगळं एकदम आठवलं. शेजारी मदतीची कायाक होडी होती. तिला धरून विसावा घेता येतो, पुढे सरकायचं नाही एवढाच नियम. मी तिच्याकडे वळले नाही. पाठीवर झाले, आभाळाकडे तोंड करून सगळी हवा बाहेर सोडली. पुन्हा सोडली. मग पालथी होऊन निघाले. पहिला बोया गेला, दुसरा गेला, आणि कधीतरी माझ्या लक्षात आलं की मी आता पाण्याला घाबरत नाही, मी पोहते आहे.

पायाला चिखल लागला आणि धावत सायकलींच्या रांगेत आले. हेल्मेटचा पट्टा बांधल्याशिवाय सायकलला हात लावायचा नाही, बाहेर पडायची रेषा ओलांडेपर्यंत तिच्यावर बसायचं नाही. घाईत माणसाचं भान राहावं म्हणून हे नियम आहेत आणि मला ते आवडतात. वीस किलोमीटर ओल्या अंगाला वारा लागत राहिला. सायकलवरून उतरून धावायला लागलं की पाय आपले वाटत नाहीत. इतका वेळ गोल फिरलेल्या स्नायूंना जमिनीवरची चाल पुन्हा सापडायला थोडा अवकाश लागतो. मला घाई नव्हती. धावणं माझं सगळ्यात जुनं आहे, ते परत येणार हे माहीत होतं, आणि दुसऱ्या किलोमीटरला ते आलं. बांधावरची ती मुलगी माझ्या अंगात अजून शाबूत होती.

अंतिम रेषेवर लेकाने पाण्याची बाटली दिली आणि विचारलं, ‘‘आई, आता पुढचं मोठं अंतर?’’ मला मोठं अंतर नको आहे. मला हेच अंतर पुष्कळ बायकांपर्यंत पोचायला हवं आहे. जिल्ह्याजिल्ह्यात तलाव आहेत, चांगले रस्ते आहेत, सायकली घरोघर आहेत. उणीव आहे ती बायकांना पाण्यात उतरवणाऱ्या शिक्षकांची, आणि आयांनी बाकावरून उठण्याची.

मुलीला सायकल घेताना आता कुणी कारण विचारत नाही. पोहण्याला अजून विचारतात. गावी गेले की मी नात्यातल्या घरांत मुद्दाम हा विषय काढते. सुट्टी लागली की पोरीला पाण्यात घाला, शिकवायला मी येते, असं सांगते. पुढे ती स्पर्धेत उतरेल की नाही, ते तिचं ती ठरवेल. पोहता येणं मात्र भावाइतकंच तिच्या हक्काचं आहे आणि ते तिला लहानपणीच मिळालं पाहिजे.