डग्ग्याची बाजू

बालमित्रांनो, आधी एक कोडं घालते. बघा सुटतंय का.

लांब मान, तारा चार,
पोटात घुमतो जिचा झंकार,
ती थांबली तर गाणं गार,
तरी तिचा कोण करतो विचार?

व्हायोलिन म्हणालात? तारा चारच, बरोबर. पण व्हायोलिनचा आवाज बारीक आणि मान आखूड. सतार? तिला तर ढीगभर तारा. हरलात ना? उत्तर आहे बेस गिटार!

आता तुम्ही म्हणाल, बाई, हे काय नवीनच? नवीन नाही बरं का. लग्नातला किंवा गणपतीतला ऑर्केस्ट्रा आठवून बघा. पुढं गाणारा असतो, त्याच्या अंगावर झगमगता कोट. शेजारी साधी गिटारवाला उड्या मारत असतो. आणि पार मागं, ढोल-ताशांच्या जवळ एक शांत माणूस उभा असतो. त्याच्याही गळ्यात गिटार असते, पण जरा लांब आणि जाड तारांची. तोच आपला बेसवाला. साध्या गिटारला सहा तारा, हिला बहुधा चारच. पण या चार तारा एक सप्तक खाली बोलतात. साध्या गिटारची सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे ८२ वेळा थरथरते, तर बेसची सर्वांत जाड तार सुमारे ४१ वेळा. बरोब्बर निम्म्यानं! जितकी थरथर कमी, तितका आवाज खालचा.

पूर्वी हे काम डबल बेस नावाचं वाद्य करायचं. ते माणसापेक्षा उंच! ते घेऊन एसटीत चढायचं, तर कंडक्टर दोन तिकिटं फाडेल. १९५१ साली अमेरिकेतल्या लिओ फेंडर यांनी गळ्यात अडकवता येईल अशी विजेवरची बेस गिटार बाजारात आणली आणि वादकांच्या पाठी वाचल्या.

मी राहते तिसगावात. अहिल्यानगरहून पाथर्डीकडे निघालं की करंजीचा घाट उतरल्यावर आमचं गाव लागतं. इथं बेस गिटार काही घरोघरी नाही. पण तिची भावंडं मात्र गल्लोगल्ली आहेत. तबल्याच्या जोडीतला डग्गा, पखवाजाची डावी बाजू, मिरवणुकीतला ढोल ही सगळी खालच्या सुराची मंडळी. आपण त्यांना म्हणू या 'डग्ग्याची बाजू'.

या मंडळींचा एक गुण सांगते. आमच्याजवळच मढी आहे. तिथं कानिफनाथांची यात्रा होळीपासून गुढीपाडव्यापर्यंत चालते. (त्या यात्रेत गाढवांचा मोठा बाजारही भरतो, पण त्यांच्या गायनाबद्दल पुन्हा कधीतरी!) यात्रेच्या दिवसांत मिरवणूक लांब असली, की आधी काय ऐकू येतं? नुसतं धुम्म, धुम्म. मग जवळ आल्यावर हलगीची कडकड. गाण्यातले शब्द तर अगदी दारात आल्यावर कळतात. असं का? बारीक आवाज हवेत लवकर विरतो, भिंतीआड अडतो. जाड आवाज मात्र भिंतींना वळसा घालून येतो. म्हणजे मिरवणुकीत मागं असलेला ढोल निरोप द्यायला सगळ्यांच्या पुढं!

आता पखवाजाची गंमत. तुम्ही भजनाला गेला असाल, तर पाहिलं असेल. सुरुवात करण्याआधी पखवाजवाले बुवा कणकेचा ओला गोळा घेतात आणि डाव्या बाजूच्या कातड्यावर थापतात. का बरं? कणकेच्या वजनानं कातडं जड होतं, सावकाश थरथरतं आणि आवाज खाली उतरतो. भजन संपलं की कणीक खरवडून काढायची. दुसऱ्या वेळी पुन्हा ताजी. कणीक गव्हाचीच लागते, कारण ती चिकट असते. आमचा हा भाग ज्वारी-बाजरीच्या भाकरीचा. त्यामुळं एकदा एका आजींनी पखवाजवाल्या आजोबांना भर देवळात टोकलं, "आम्ही खातो भाकर अन् तुमच्या पखवाजाला रोज गव्हाची कणीक! जावई हाय का काय तो?"

आजोबा हसून म्हणाले, "जावयावानीच हाय. दिल्याबिगर बोलत नाही!"

सगळं देऊळ हसलं. टाळकरी हसले, विणेकरी हसले, सर्वांत मोठ्यानं आजोबाच हसले. आणि मग जे भजन रंगलं म्हणता!

गंमत बघा, अशीच थट्टा सातासमुद्रापलीकडचे बेसवालेही करतात आणि तीही स्वतःचीच. त्यांच्यातले दोन विनोद जगभर फिरलेले आहेत. पहिला असा : एक मुलगा बेस शिकायला जातो. पहिल्या आठवड्यात गुरुजी पहिली तार शिकवतात. दुसऱ्या आठवड्यात दुसरी तार. तिसऱ्या आठवड्यात मुलगा आलाच नाही. चौथ्या आठवड्यात गुरुजी विचारतात, "काय रे, मागच्या वेळी कुठं होतास?" मुलगा म्हणतो, "माझा कार्यक्रम होता ना!"

दुसरा विनोद असा : एक पाहुणा जंगलातल्या गावी जातो. रात्रंदिवस ढोल वाजत असतो. वाटाड्या सांगतो, "ढोल वाजतोय तोवर ठीक. तो थांबला की फार वाईट." चौथ्या दिवशी ढोल अचानक थांबतो. पाहुणा घाबरून विचारतो, "आता काय होणार?" वाटाड्या कानात बोटं घालून म्हणतो, "आता बेसवाला एकटाच वाजवणार!"

हे विनोद कोण सांगतं? बेसवालेच! एकमेकांना टाळी देऊन सांगतात. कारण आपलं काम किती मोलाचं आहे, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं.

पण मुलांनो, थट्टा आणि थट्टा यांत फरक असतो. एका वर्षी माझ्या वर्गाचं लेझीम बसवत होतो. पुढच्या रांगेसाठी भांडणं, शिट्टी कुणाकडं यासाठी रुसवे. ढोल मात्र कुणालाच नको होता. तो घेतला एका अंगानं भरलेल्या, अबोल मुलानं. दोन दिवसांत पोरांनी त्याचं नाव 'ढोल्या' पाडलं. समजावूनही ते तोंडातून जाईना. तो काही बोलला नाही. फक्त तिसऱ्या दिवशी सरावाला आला नाही. चौथ्या दिवशीही नाही.

त्या दोन दिवसांत लेझमाचं काय झालं, ते सांगण्यासारखं आहे. हलगी होती, झांज होती, शिट्टी होती. पण पाऊल कुठं टाकायचं तेच कुणाला कळेना. पहिली रांग उजवीकडं, दुसरी डावीकडं. दोघींची लेझमं एकमेकींत अडकली. मी काही सांगायची गरजच उरली नाही. सगळ्यांचे चेहरे पडले.

संध्याकाळी हलगीवाला मुलगा आपणहून त्याच्या वस्तीवर गेला. त्यानं माफीबिफीचं मोठं भाषण केलं नाही. एवढंच म्हणाला, "चल की. तुझ्या ढोलाबिगर माझी हलगी म्हणजे पत्र्यावर पडणारा पाऊस वाटतीय." आधी ढोलवाला गप्प राहिला. मग फिस्सकन हसला. दुसऱ्या दिवशी दोघं बरोबरच शाळेत आले.

त्यानंतर त्या दोघांनी स्वतःचंच एक नाव पाडलं : 'मागची ट्रॉली'. कुणी विचारलं, की म्हणायचे, "पुढं ट्रॅक्टर फडफड करतो. पण ऊस कुठं असतो? ट्रॉलीतच की!" तेच पोरगं, तीच थट्टा; पण आता ती त्याच्या हातातली होती. 'ढोल्या' हे नाव दुसऱ्यांनी त्याच्यावर फेकलं होतं, 'मागची ट्रॉली' हे त्यानं मित्राबरोबर मिळून घेतलं होतं. ज्याच्यावर विनोद होतो तोही खळखळून हसला, तर ती मैत्री. तो गप्प झाला, तर समजावं की काहीतरी दुखलंय.

कुणालाच नको असलेलं काम करून मोठा झालेला एक माणूस तुम्हाला सांगते. इंग्लंडमध्ये बीटल्स नावाचा जगप्रसिद्ध गट होता. १९६१ साली त्यांच्यातल्या बेस वाजवणाऱ्यानं गट सोडला. बाकीच्यांपैकी कुणीही ते वाद्य घ्यायला तयार नव्हतं. शेवटी ते पॉल मॅकार्टनी यांच्या गळ्यात पडलं. ते डावखुरे. त्यांनी जर्मनीतल्या हॅम्बुर्ग शहरात व्हायोलिनच्या आकाराची एक स्वस्तातली बेस घेतली. तिचे दोन्ही अंग सारखे, म्हणून उलटी धरली तरी शोभायची. आज त्यांचं नाव जगातल्या उत्तम बेसवादकांत घेतलं जातं.

पुढं १९७२ साली ती बेस एका गाडीतून चोरीला गेली. पन्नास वर्षं पत्ता नाही! मग काही संगीतवेड्यांनी ठरवलं, आपण शोधायची. २०२३ साली त्यांनी जगभर आवाहन केलं : कुणाला काही माहीत असेल तर कळवा. लोकांनी जुन्या आठवणी धुंडाळल्या, कळवल्या. आणि खरंच, ती एका घराच्या माळ्यावर सापडली! फेब्रुवारी २०२४ मध्ये ती मालकाकडं परत आल्याची बातमी जगभर झाली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये लंडनच्या कार्यक्रमात, वयाच्या ८२व्या वर्षी, मॅकार्टनींनी ती पुन्हा वाजवली. शोधणाऱ्यांना त्यातून काय मिळालं? ती बेस पुन्हा वाजली, हेच.

आणि हे काम पुरुषांचंच असं मुळीच नाही. मुंबईची मोहिनी डे लहानपणीच वडिलांकडून बेस शिकली. तिचे वडीलही बेसवादक. पुढं ती ए. आर. रहमान आणि उस्ताद झाकीर हुसेन यांच्यासारख्या दिग्गजांबरोबर वाजवू लागली. तिची बोटं तारांवर अशी पळतात, की तबल्याचे बोलच ऐकतोय असं वाटावं.

आता तुमच्यासाठी एक उद्योग. एका रिकाम्या डब्याला दोन रबरबँड ताणून बसवा, एक बारीक आणि एक रुंद. दोन्ही छेडून बघा. रुंद रबर जाड आवाजात घुमतं का? मग ते थोडं सैल करा. आवाज आणखी खाली जाईल. झाली तुमची बेस! भाऊ किंवा बहीण असेल, तर एकानं बारीक रबर वाजवावं आणि दुसऱ्यानं जाड. कोण कोणतं घेणार यावरून भांडण झालं, तर दर पाच मिनिटांनी अदलाबदल करा.

आणि आई-बाबांनो, रेडिओवर आवडतं गाणं लागलं, की मुलांना जवळ घेऊन एकदा फक्त तळाचा सूर ऐका. शब्द सोडा, चाल सोडा. सुरुवातीला सापडणार नाही. पण एकदा का तो कानाला लागला, की पुढच्या वेळी तुम्ही सगळे त्याचीच वाट बघाल.