सूनबाईची गाणी आणि माझी स्पॅनिश



मेक्सिकोहून परत आल्यापासून बऱ्याच जणींनी विचारलं, तिकडे स्वयंपाकाचं कसं जमवलंत? ते सविस्तर पुन्हा कधीतरी लिहीन. आज भाषेबद्दल लिहिते. सहा महिन्यांत मला सगळ्यात जास्त रडवलं ते भाषेनेच.

मुलगा नोकरीनिमित्त केरेतारोला असतो. मेक्सिको सिटीपासून दोनशे किलोमीटरच्या आसपास. शहरात जुन्या काळचा 74 कमानींचा दगडी जलसेतू आहे, खालून चालत गेलं की मान दुखेपर्यंत वर बघत राहावं असा. सूनबाईच्या बाळंतपणासाठी मी एकटीच गेले होते. ह्यांना शेती सोडून इतके दिवस येणं शक्य नव्हतं.

जायच्या आधी दोन महिने मी मोबाईलवर रोज अर्धा तास स्पॅनिश शिकत होते. पण ते शिकवणं इंग्रजीतून. माझं सगळं शिक्षण मराठी माध्यमातलं. त्यामुळे आधी मनात मराठी वाक्य, मग त्याचं इंग्रजी, मग इंग्रजीचं स्पॅनिश. एवढं होईपर्यंत समोरचा माणूस 'आदिओस' म्हणून निघून गेलेला असायचा. शिवाय 'ओला' म्हणजे नमस्कार, हेच मला कितीतरी दिवस विचित्र वाटायचं. सकाळी सकाळी कुणी दारात उभं राहून 'ओला' म्हटलं की आधी अंगणात वाळत घातलेल्या दुपट्यांकडे लक्ष जायचं.

सगळ्यात घोळ झाला तो 'आवडणे' या शब्दाचा. इंग्रजीत 'आय लाइक', म्हणून मी 'यो' म्हणजे 'मी' घेऊन 'यो गुस्तो' म्हणायची. ऐकणारे गोंधळून हसायचे. मोबाईल सांगायचा 'मे गुस्ता' म्हण, पण का ते सांगायचा नाही.

सूनबाई बाळाला मांडीवर घेऊन 'मे गुस्तास तू' नावाचं गाणं लावायची. मानू चाओ नावाच्या गायकाचं, 2001 सालचं. सगळं गाणं म्हणजे काय काय आवडतं याची नुसती यादी. बाळाची मालीश करता करता मीही गुणगुणायला लागले. दहाव्या-बाराव्या वेळेला कधीतरी लक्षात आलं, एका वस्तूला 'गुस्ता' म्हणतोय आणि पुष्कळ वस्तूंना 'गुस्तान'. हातातलं तेल तसंच ठेवून मी सूनबाईला हाक मारली. अगं, हे तर आपलं मराठी! मला आंबा आवडतो, मला आंबे आवडतात. आवडणारी मी एकटीच, पण क्रियापद जातं आंब्यांच्या मागे. मे गुस्ता एल मांगो, मे गुस्तान लोस मांगोस. 'मे' म्हणजे 'मला', बस. आणि 'गुस्तास तू' म्हणजे 'तू आवडतोस'. त्यांच्याकडेही तू साठी शेवटी स, आपल्याकडेही स. संस्कृत आणि लॅटिन एकाच मोठ्या भाषाकुळातल्या म्हणतात, ते असं मालीश करताना पटलं.

म्हणजे मी इतके दिवस सांगली ते कोल्हापूर जायला मुंबईमार्गे जात होते.

त्यानंतर इंग्रजी मध्ये घ्यायचीच नाही असं ठरवलं. 'मला डोकं दुखतंय' सरळ 'मे दुएले ला काबेसा' झालं. त आणि द तर आपलेच, जिभेचं टोक दातांना लावून म्हणायचे. मुलाच्या ऑफिसातले इंग्रजी वळणाचे लोक तिथे ट आणि ड म्हणतात, त्यांच्यापेक्षा माझं म्हणणं बाजारात लवकर कळायचं. (हे मी मुलाला दोन-तीनदा ऐकवलं.) अर्थात सगळंच जुळतं असं नाही. भूक त्यांना 'लागत' नाही, त्यांच्याजवळ 'असते'. तेंगो आंब्रे. ते मला अजूनही नीट जमत नाही.

अर्थ कळायच्या आधी शब्द तोंडात बसणं हे आपल्याला नवीन नाही. पाठशाळेत भक्तामरचे 48 श्लोक आपण चालीवरच पाठ केले ना? अर्थ कळला लग्नानंतर, तोही एकेक करून, कधी दूध उतू जाताना तर कधी एसटीत बसल्यावर. पण शब्द आधीच जागेवर होते, अर्थाला नुसतं येऊन बसायचं होतं. स्पॅनिशचंही तसंच व्हायला लागलं.

आता एक गाणं सांगते, नाव सांगताना जरा लाज वाटते. 'बेसामे मूचो'. कोन्सुएलो वेलास्केस या मेक्सिकन बाईंनी रचलेलं, जगभर गाजलेलं. शेजारच्या आजी झाडांना पाणी घालताना रेडिओवर लावायच्या. अर्थ विचारला तर सूनबाई लाल झाली. 'मला खूप मुके दे' असं काहीतरी. पण बघा, 'मला' हा शब्द क्रियापदाच्या शेपटीला चिकटवलाय, बेसा-मे. मग हाच साचा घेऊन दा-मे म्हणजे मला दे, दी-मे म्हणजे मला सांग, आयूदा-मे म्हणजे मला मदत कर. मुक्याचं गाणं, पण रोजच्या कामाची निम्मी वाक्यं मला त्याने दिली.

फजितीही झाली. प्रेमाच्या गाण्यांत सतत 'ते क्येरो' येतं, ते दोन शब्द माझ्या तोंडात जोडूनच बसले. 'क्येरो' म्हणजे 'मला हवंय', हे ठाऊक होतं. तिथल्या आठवडी बाजाराला तियांगिस म्हणतात. तिथे लिंबूवाल्यासमोर उभी राहून, दोन बोटं दाखवून, मी ठणकावून म्हटलं, 'ते क्येरो!' म्हणजे, माझं तुझ्यावर प्रेम आहे. साठीचा मिशीवाला माणूस. त्याने छातीवर हात ठेवून मान झुकवली आणि दोनच्या जागी चार लिंबं दिली. सूनबाई बाबागाडी ढकलत पुढे निघून गेली, ओळखच दाखवेना.

दुसरं म्हणजे गाण्यांत सगळे एकमेकांना 'तू' म्हणतात. मीही शेजारच्या सत्तरीच्या आजींना सर्रास 'तू' म्हणत होते. मुलाने सांगितलं, आई, मोठ्यांना 'उस्तेद' म्हणतात, आपल्या 'तुम्ही'सारखं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आजींना मात्र त्याचं काही नव्हतं.

आणि गाण्यांत स्वयंपाकघर नसतं हो! अंडं, कांदा, लसूण हे शब्द कुठल्या प्रेमगीतात येणार? ते कागदावर लिहून पर्समध्ये ठेवावे लागले. सिन वेवो, सिन सेबोया, सिन आहो. सगळ्यात महत्त्वाचा 'सिन मांतेका'. मांतेका म्हणजे तिकडे डुकराची चरबी, आणि ती शिजवलेल्या घेवड्यातसुद्धा घालतात. वरून काही कळत नाही. तिकडे जाणाऱ्या प्रत्येकीने हा शब्द पाठ करूनच विमानात बसावं.

जूनमध्ये तिथे पाऊस सुरू झाला. त्या दिवसांत सूनबाईने एक गाणं लावलं, 'ओहाला के युएवा काफे'. डोमिनिकन रिपब्लिकच्या हुआन लुईस गेर्राचं, 1989 सालचं. नावाचा अर्थ, कॉफीचा पाऊस पडो. 'ओहाला' हा अरबीतून त्यांच्याकडे आलेला शब्द, 'असं होवो' या अर्थाचा. 'युएवे' म्हणजे पाऊस पडतो, 'युएवा' म्हणजे पडो. शेवटचा एक स्वर बदलला की घडणारी गोष्ट इच्छा होते. ज्या क्रियापदांच्या शेवटी आ असतो, त्यांचा ए होतो. मोबाईलवर हा धडा चाळीस पायऱ्यांनंतर होता आणि सगळे म्हणायचे, स्पॅनिशमधलं सगळ्यात अवघड प्रकरण. माझं माहेर जत तालुक्यातलं. जून संपत आला तरी ढग नुसते वरून जायचे, आणि आमचे अण्णा उंबऱ्यात उभे राहून म्हणायचे, 'पडो बाबा आता तरी.' मला हे प्रकरण कोणी समजावून सांगायची गरजच पडली नाही. दिवसभर घरात 'ओहाला' चाललेलं. ओहाला बाळ झोपो. ओहाला कुकरची शिटी होवो.

ऑगस्टमध्ये शेजारच्या आजोबांना दवाखान्यात नेलं, ते परत आलेच नाहीत.

तिकडे नऊ दिवस रोज संध्याकाळी घरी प्रार्थना असते. लोक येत-जात होते. मुलगा कामावर, सूनबाईच्या मांडीवर तान्हं पोर. मला दोन दिवस धीरच होईना. आपल्याकडे कोणी गेलं तर आपण काय करतो? जाऊन बसतो, हात धरतो, दोन शब्द बोलतो. हात धरता आला असता, पण शब्द कुठून आणायचे? लिंबूवाल्यासारखं काहीतरी भलतंच तोंडातून निघालं तर?

तिसऱ्या दिवशी दुपारी गेले. रस्ता ओलांडताना जुळवत होते. 'एस्ता' म्हणजे आहे. आ चा ए केला की 'एस्ते', असो. 'पास' म्हणजे शांती. दारात आजी दिसल्या आणि मी म्हटलं, 'के एस्ते एन पास.' ते शांतीत असोत. नंतर कळलं, अशा वेळी म्हणायचं त्यांचं ठरलेलं वाक्य वेगळं आहे. पण आजींना पोचलं. त्यांनी माझे दोन्ही हात धरून ठेवले, बराच वेळ सोडलेच नाहीत.

मग आत नेऊन कॉफी दिली. सूर्यास्ताला अजून अवकाश होता, मी घेतली. त्या बोलत राहिल्या, मला त्यातलं चौथा हिस्सा कळत होतं. भिंतीवर आजोबांचा तरुणपणचा फोटो होता. त्याच्याकडे बोट करून त्या म्हणाल्या, 'फ्वे माएस्त्रो.' 'फ्वे' म्हणजे 'गेला', एवढं मला माहीत होतं. 'माएस्त्रो' म्हणजे शिक्षक, गुरू. मला वाटलं, त्या म्हणताहेत की ते गुरूकडे गेले. मी डोळे मिटून मान हलवली.

रात्री मुलाला सांगितलं. तो म्हणाला, आई, 'फ्वे' म्हणजे 'होता' सुद्धा. ते शिक्षक होते, एवढंच म्हणाल्या त्या. 'गेला' आणि 'होता' दोन्हींना एकच शब्द? मी दोनदा विचारून घेतलं. एकच, म्हणाला.

आता मी सांगलीत आणि आजी तिकडे. महिन्या-दोन महिन्यांनी मोबाईलवर आवाज पाठवतात, मी उत्तर पाठवते, चुकत-माकत. हा भूतकाळ मात्र अजून बसत नाही, कोणता 'फ्वे' गेलेला आणि कोणता असलेला. सूनबाईने दोन गाणी पाठवली आहेत, पण दोन्ही इतकी भरभर म्हटली आहेत की पोळ्या लाटताना पकडता येत नाहीत. तुमच्या कुणाच्या लेकी-सुना तिकडे असतील तर जरा विचारून कळवा, संथ चालीचं आणि पुष्कळ 'फ्वे' असलेलं एखादं गाणं आहे का.