पाण्याची ओढ

मराठवाड्याच्या कोरड्या मातीत माझे बालपण गेले. पाणी म्हणजे विहिरीचे, आडाचे, फार झाले तर पैठणच्या गोदावरीचे, एवढीच माझी समजूत होती. पैठणला जायकवाडीचे धरण झाले आणि नाथसागराचा अफाट विस्तार मी प्रथम पाहिला, तेव्हा समुद्र याहून मोठा तो काय असणार, असे मला वाटले होते. वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत मी समुद्र पाहिला नव्हता, हे सांगायला आज संकोच वाटत नाही. तेव्हा मात्र वाटत असे.

१९८५ सालच्या उन्हाळ्यात आमच्या शहरात शिक्षकांचे एक शिबिर भरले होते. शहराचे नाव तेव्हा औरंगाबाद होते. शिबिरातील मंडळी एके दिवशी देवगिरीचा किल्ला पाहायला गेली. तेथील अंधारीत शिरताना माझ्या मागून आवाज आला, "मास्तर, जरा हळू. आम्ही दर्याकाठची माणसं, आम्हांला उजेडाची सवय." मी हात मागे केला. त्याने तो धरला आणि आम्ही त्या काळोखातून वर आलो. अशी आमची ओळख झाली. तो दापोली तालुक्यातील केळशीचा राहणारा, माझ्याच वयाचा शिक्षक. निरोप घेताना तो म्हणाला, "दिवाळीला आमच्याकडे या. हर्णैपासून घरापर्यंत किनाऱ्याकिनाऱ्याने पायी जाऊ."

त्याप्रमाणे वसुबारसेच्या पहाटे पाठीवर एकेक पिशवी टाकून आम्ही हर्णैहून निघालो. सुवर्णदुर्ग पाण्यात उभा होता. मासेमारीच्या होड्या बंदराकडे परतत होत्या. अंजर्ल्याच्या खाडीवर तेव्हा पूल नव्हता. होडीने पलीकडे गेलो. कड्यावरच्या गणपतीचे दर्शन घेतले आणि ओल्या, घट्ट वाळूवरून पुढे चालू लागलो. मी लहान मुलासारखा लाटांशी खेळत होतो. मित्र हसत होता.

अकराच्या सुमारास एक लहानशी खाडी आडवी आली. पलीकडचा काठ दगड फेकला तर पोहोचेल इतका जवळ होता. पाणी संथ दिसत होते. मित्र मात्र सुरूच्या सावलीत पिशवी टाकून बसला. "दोन वाजता उतरू," तो म्हणाला.

"तीन तास येथे बसायचे?" मी विचारले.

त्याने मला हिशेब समजावून सांगितला. तिथीची पाऊणपट करावी, म्हणजे पूर्ण भरतीची वेळ मिळते. आज द्वादशी, बाराचे पाऊणपट नऊ. नऊ वाजता भरती संपली. तीनच्या सुमारास पूर्ण ओहोटी. या दोहोंच्या मध्यावर पाणी सर्वांत वेगाने समुद्राकडे धावते. "वरून शांत दिसतं, मास्तर, पण खाली ओढ असते."

मला तो अतिसावधपणा वाटला. नाथसागराच्या काठी पोहायला शिकलेला मी! तो डोळे मिटून पडला आहे असे पाहून मी पाण्यात उतरलो. चार पावले गेलो. पाचव्या पावलाला पायाखालची वाळूच सरकली. कोणीतरी घोटे धरून ओढावे तसा मी कलंडलो. किती वेळ गेला कोणास ठाऊक. कदाचित तीन-चार क्षणच. मित्राचा हात माझ्या दंडाला पडला आणि मी काठावर आलो. एक चप्पल मात्र समुद्राच्या दिशेने वेगाने निघून गेली.

तो रागावला नाही. रागावला असता तर बरे झाले असते. त्याने फक्त आपले कोरडे धोतर मला नेसायला दिले. दोन वाजता आम्ही तीच खाडी गुडघाभर पाण्यातून ओलांडली. संध्याकाळी घरी पोहोचलो, तेव्हा त्याची आई गाईवासराच्या पूजेची तयारी करीत होती. माझ्या पायांकडे पाहून ती माउली म्हणाली, "अहो, एकच चप्पल घालून आलात?" मित्र चटकन म्हणाला, "एक दर्याला दिली त्यांनी." माझी फजिती त्याने घरात कोणालाही सांगितली नाही. त्या रात्री मी ठरवले, हा माणूस आपला.

पुढच्या वर्षी, म्हणजे १९८६ च्या मे महिन्यात, आम्ही दोघे कुमाऊँमधील पिंडारी हिमनदी पाहायला गेलो. बर्फ आम्हां दोघांनाही नवा होता. बागेश्वरच्या पुढे लोहारखेत या गावाहून तेव्हा पायवाट सुरू होई. तेथून हिमनदीच्या मुखापर्यंत चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरांची चढण होती. पहिल्याच दिवशी धाकुडीच्या खिंडीत पोहोचलो, ती आपल्या कळसूबाईहून कितीतरी उंच. समोर मैकतोलीचे शुभ्र शिखर उभे होते. आम्ही दोघेही बराच वेळ बोललो नाही.

खाती गावात एक वयस्क वाटाड्या मिळाला. त्याला आम्ही तेथील रीतीप्रमाणे 'दाज्यू', म्हणजे दादा, म्हणू लागलो. पिंडर नदीच्या काठाने वाट वर चढत होती. द्वाली येथे काफनी नदी तिला येऊन मिळते. पाणी दुधाळ दिसत होते. हिमनदी डोंगरावरून घसरताना खालचा खडक दळते आणि ते दगडाचे पीठ पाण्यात मिसळते, म्हणून हा रंग. वर्षानुवर्षे साचलेले हिम आपल्याच भाराने दबून त्याचे बर्फ होते आणि ते बर्फ अतिशय संथपणे उताराला लागते; हीच हिमनदी. पुस्तकात मी हे शिकवले होते. तेथे ते पाहिले.

फुरकियाहून पहाटे निघून आम्ही मुखासमोरच्या कड्यापाशी आलो. समुद्रसपाटीपासून साडेतीन हजार मीटरांहून अधिक उंची. छाती धपापत होती. नंदाकोट आणि नंदाखाट यांच्या कुशीतून उतरलेली ती हिमनदी आता उन्हात झगमगत होती. दाज्यूने बजावले, "येथून पुढे नाही." पण वाटेच्या कडेला, ओढ्यावर बर्फाचा एक शुभ्र पट्टा पसरला होता. माझा मित्र, भरतीचा हिशेब बोटांवर मोजणारा तो सावध माणूस, त्या शुभ्रतेने अगदी वेडावून गेला. "मूठभर बर्फ घेऊन येतो," असे म्हणत तो त्या पट्ट्यावर चालूही लागला.

माझ्या तोंडून एकदम शब्द निघाले, "अरे थांब! खाली ओढ असते!"

तो जागच्या जागी उभा राहिला. दाज्यू हलक्या पावलांनी पुढे गेला. मित्राच्या पुढच्या पावलाची जागा त्याने काठीने जोरात टोचली. बर्फाचे पापुद्र्यासारखे पातळ छत कोसळले आणि आतून काळ्या पाण्याचा खळखळाट ऐकू आला. उन्हाने वितळलेले पाणी बर्फाखालून वाहत होते. वर नुसते कवच उरले होते. मित्र एकेक पाऊल मागे घेत काठावर आला आणि माझ्या शेजारी बसला. त्याचे हात थरथरत होते, माझेही.

थोड्या वेळाने तो म्हणाला, "मास्तर, आज तुम्ही मला अरे म्हणालात."

"चुकले का?"

"नाही. आता अहो म्हणालास तर चुकेल."

कड्यावर बसून आम्ही पाण्याचा प्रवास बोलू लागलो. पिंडर कर्णप्रयागला अलकनंदेला मिळते. पुढे देवप्रयागला तिची गंगा होते आणि गंगा बंगालच्या उपसागरात जाते. माझी गोदावरीही त्र्यंबकेश्वराहून निघून, पैठणवरून, त्याच सागरात जाते. मित्र खिन्नपणे म्हणाला, "म्हणजे तुझं पाणी हिमालयाच्या पाण्याला भेटणार, आमच्या नद्या मात्र अरबी समुद्रात."

"पण माझी चप्पल तुझ्याच समुद्रात आहे," मी म्हणालो. तेव्हा कोठे तो पुन्हा हसला.

या गोष्टीला आता चाळीस वर्षे होत आली. हवामान तापत चालले आहे आणि पिंडारीचे मुख पूर्वीपेक्षा पुष्कळ मागे सरले आहे. आमच्या शहराचेही नाव आता छत्रपती संभाजीनगर झाले आहे. मी मुख्याध्यापक होऊन निवृत्त झालो. शाळेत मुले मला धाडसाच्या गोष्टी विचारीत, तेव्हा मी त्यांना हीच गोष्ट सांगत असे. त्यांना ती धाडसाची वाटत नसे; आम्ही एकदा तीन तास बसून राहिलो आणि एकदा बर्फाला हात न लावता परतलो, एवढेच त्यांच्या लक्षात राही. मी त्यांना सांगे, अनोळखी पाण्यावर आपल्याला जे दिसत नाही ते ज्याला कळते, त्याचे ऐकावे. आणि त्यालाच ते एखाद्या वेळी दिसेनासे झाले, तर आपण हाक मारावी. सोबती असतो तो यासाठीच.

दर वसुबारसेला सकाळी केळशीहून मला दूरध्वनी येतो. कुशल विचारण्याआधी मित्र एकच वाक्य बोलतो, "मास्तर, आज भरती नवाला. घाई करू नकोस."