वर्तुळातलं आभाळ

हरिश्चंद्रगडाच्या नळीच्या वाटेला लागलो तेव्हा हातातलं जीपीएस यंत्र बंद होतं. सेल वाचवायचे म्हणून. नाळ अरुंद झाली, दोन्ही अंगांनी कातळ उठले, तेव्हा कुठे मी ते चालू केलं. दहा मिनिटं झाली तरी ते उपग्रहच शोधतंय!

उपग्रहांचं पान उघडलं. एकात एक दोन वर्तुळं. बाहेरचं म्हणजे क्षितिज, आतलं म्हणजे 45 अंशांची उंची, मध्यबिंदू म्हणजे थेट डोक्यावर. आकड्यांचे ठिपके हे उपग्रह आणि खालचे उभे पट्टे त्यांच्या संदेशाचा जोर दाखवणारे. त्या दिवशी सगळे पट्टे पोकळ. उपग्रह आपल्या कक्षेची माहिती पाठवतो, ती पुरती उतरल्यावरच पट्टा भरतो. त्याला साधारण 30 सेकंद लागतात, पण 20,200 किलोमीटरवरून येणारा तो क्षीण संदेश मधेच कातळाआड गेला की राहिलेल्या तुकड्यासाठी पुढच्या फेरीची वाट बघायची. खाली बेलपाड्याच्या मोकळ्या शेतात पाच मिनिटं यंत्र धरलं असतं तर हीच माहिती पुढे दोन-तीन तास पुरली असती. कंजूषपणा नडला.

शेवटी चार पट्टे भरले, अचूकता 38 मीटर. कातळावर आदळून आलेल्या संदेशांमुळे नकाशावरची माझी रेघ मात्र थेट भिंतीतून चालली होती.

दमून कोकणाकडे तोंड करून बसलो आणि खरा गोंधळ तिथे झाला. समोर पश्चिमेचं आभाळ मोकळं, पाठीशी कडा. पडद्यावर मात्र वरच्या अर्ध्यातले उपग्रह पोकळ आणि भरलेले सगळे खाली. यंत्र बिघडलं, असंच मी धरून चाललो. सेटिंग चाळताना उलगडा झाला. दिशा ‘ट्रॅक अप’वर होती, म्हणजे चालण्याची दिशा वर. माझ्या यंत्रात होकायंत्र नाही; पावलं पडली तरच त्याला दिशा कळते. पूर्वेला चढत आलेलो मी वळून बसलो होतो, ते त्याला कोण सांगणार? ‘नॉर्थ अप’ केलं आणि भरीव ठिपके डावीकडे, पश्चिमेला गेले. तेव्हापासून ते सेटिंग मी हलवलेलं नाही.

कोकणकड्यावर पोहोचलो तेव्हा नऊ पट्टे भरले होते. दक्षिणेकडे 40 आणि 41 हे दोन आकडे दिसले. हे जीपीएसची चूक दुरुस्त करणाऱ्या आपल्या ‘गगन’ यंत्रणेचे भूस्थिर उपग्रह. खरे क्रमांक 127 आणि 128, यंत्र त्यांतून 87 वजा करून दाखवतं. सेटिंगमध्ये मात्र अमेरिकेच्या ‘वास’चं आणि युरोपच्या ‘एग्नॉस’चंच नाव. ते चालू केल्याशिवाय ‘गगन’ची दुरुस्ती मिळत नाही, आणि मी वर्षभर ते परदेशी प्रकरण समजून बंद ठेवलं होतं.

रात्री मुक्काम कड्याजवळच. पहाटे पुन्हा पान उघडलं, तर बाकीचे ठिपके कुठल्या कुठे गेलेले. 40 आणि 41 तेवढे कालच्याच जागी.