राष्ट्राध्यक्षाचे खळे

यंत्र येण्याआधीची मळणी तुमच्या घरातल्या वडीलधाऱ्यांना नक्की आठवत असेल. शेणाने सारवलेले खळे, मधोमध रोवलेला तिवडा आणि त्याभोवती फिरणारी बैलांची पात. अवकाळी पाऊस आला की सगळ्यांची एकच धावपळ! ही धास्ती अमेरिकेच्या पहिल्या राष्ट्राध्यक्षालाही होती, असे सांगितले तर खरे वाटेल का?

जॉर्ज वॉशिंग्टन हाडाचा शेतकरी होता. अमेरिकेच्या राजधानीपासून दक्षिणेला सुमारे पंचवीस किलोमीटरवर, पोटोमॅक नदीच्या काठी माउंट व्हर्नॉन हे त्याचे घर आहे. काही स्त्रियांनी संस्था काढली, देशभर वर्गणी गोळा केली आणि १८५८ साली हे घर विकत घेण्याचा करार केला. आजही तीच संस्था ते सांभाळते.

तिथे गेलात तर खुद्द वॉशिंग्टनच तुम्हाला भेटेल. दचकू नका. आपल्याकडे बहुरूपी येतो ना, तसाच हा प्रकार. लांब कोट, गुडघ्यापर्यंतची विजार, मागे बांधलेले पांढरे केस. तो बोलतो ते मात्र दोनशे वर्षांपूर्वीच्या काळात राहून. तुमचे दात लाकडाचे होते का, असे कोणी विचारले तरी तो रागावत नाही. कवळी हस्तिदंताची, माणसांच्या आणि जनावरांच्या दातांची होती; लाकडाची नव्हे. ती खरी कवळी तिथल्या संग्रहालयात ठेवली आहे.

पण तुम्ही त्याला शेतीचे विचारा. तंबाखूने जमिनीचा कस गेला, म्हणून त्याने १७६० नंतरच्या काळात गहू धरला. पिकांची फेरपालट केली. शेणखत उन्हापावसात वाया जाऊ नये म्हणून १७८७ साली दगडी तळाचे, छप्पर असलेले उकिरड्याचे घर बांधले. आणि गव्हासाठी सोळा बाजूंचे, जवळजवळ गोल असे मळणीघर उभारले. वरच्या मजल्यावर गव्हाच्या पेंढ्या पसरायच्या आणि त्यावरून घोडे गोल फिरवायचे. फळ्यांमध्ये मुद्दाम फटी ठेवलेल्या. दाणे फटींतून खाली पडत, काड वर राही. पावसाची भीती नाही, गव्हात माती नाही. मूळ इमारत गेली, पण १९९६ साली तिथे तशीच दुसरी उभी केली. त्या खळ्यावर घोडे फिरताना बघायला मिळाले, तर आपल्या पातीची आठवण झाल्याशिवाय राहणार नाही.

आता जरा थांबा. हे घोडे हाकले कोणी? पेंढ्या वाहिल्या कोणी? वॉशिंग्टनने नव्हे. १७९९ साली या जमिनीवर ३१७ गुलाम माणसे राबत होती. म्हणूनच तिथे एकट्या राष्ट्राध्यक्षाचे सोंग पुरत नाही. घरकाम करणाऱ्या गुलाम स्त्रीच्या वेशातही कलाकार उभी राहते आणि तेच घर तिच्या बाजूने सांगते.

वॉशिंग्टन १७९९ च्या डिसेंबरात वारला. आपल्या मालकीचे १२३ गुलाम पत्नीच्या मृत्यूनंतर मुक्त करावेत, असे त्याने मृत्युपत्रात लिहिले होते. पत्नी मार्था हिने त्यांना १८०१ च्या १ जानेवारीलाच सोडले. पण निम्म्याच्या आसपास माणसे तिच्या पहिल्या नवऱ्याच्या इस्टेटीची होती. त्यांना सोडण्याचा अधिकार कायद्याने दोघांनाही नव्हता. मार्था १८०२ साली गेल्यावर ती माणसे तिच्या नातवंडांत वाटली गेली. दोन्हीकडच्या माणसांची आपसात लग्ने झालेली. कुठे बाप सुटला आणि आई लेकरांसह अडकली. मुलांची स्थिती आईवरून ठरत असे.

त्यांच्या कबरींवर नावे नाहीत. वॉशिंग्टनच्या समाधीजवळच्या झाडीत त्यांच्यासाठी १९८३ साली स्मारक उभारले. तिथवर चालत गेल्याशिवाय माघारी फिरू नका.

मंडळी, थोर माणसाचे सोंग बघताना टाळ्या जरूर वाजवाव्यात. पण रास कोणाच्या घामाने पडली, हे विचारायलाही चुकू नये. आज संध्याकाळी आपल्या आजोबांना किंवा आजीला विचारा, आपल्या खळ्यावर पात हाकायला कोण कोण यायचे? ती नावे मुलांच्या वहीत लिहून ठेवा.