बांधाला बांध

रणजी करंडकाची नवी गटवारी पेपरात आली की मी ती रेल्वेच्या वेळापत्रकासारखी वाचतो. आपली गाडी कुठे आहे आणि क्रॉसिंगला कोणाची गाठ पडणार, एवढंच बघायचं असतं. आपली गाडी म्हणजे महाराष्ट्र. नाशिककर पंचवटी एक्स्प्रेसने रोज मुंबईला जाऊन आला, तरी क्रिकेटमधलं त्याचं रेशनकार्ड पुण्याचंच!

पूर्वी सगळं सोपं होतं. २००१-०२ पर्यंत रणजी विभागवार खेळली जायची. पश्चिम विभागात मुंबई, महाराष्ट्र, गुजरात, बडोदा आणि सौराष्ट्र असे पाच शेजारी. विदर्भ राज्याने आपला, पण खेळायला मध्य विभागात; घरचा मुलगा मामाकडे शिकायला ठेवावा तसा. दरवर्षी तीच चार तोंडं बघायची आणि त्यांच्याशीच भांडायचं.

यात एकच गैरसोय होती, ती म्हणजे मुंबई. १९५८-५९ ते १९७२-७३ अशी सलग १५ वर्षं या मंडळींनी करंडक घराबाहेर जाऊ दिला नाही. महाराष्ट्राने देवधरांच्या नेतृत्वाखाली १९३९-४० आणि १९४०-४१ असा दोनदा तो जिंकला होता. त्या पुण्याईवर आम्ही पेन्शनीसारखे दिवस काढले.

मग सुधारणा आल्या. २००२-०३ साली एलिट आणि प्लेट. २०१२-१३ ला अ, ब, क. २०१७-१८ ला चार गट. २०१८-१९ ला नवे पाहुणे येऊन पंगत ३७ पानांची झाली. २०२१-२२ ला चार-चार संघांचे आठ एलिट गट, तर पुढच्या वर्षी आठ-आठांचे चार! आमच्या बँकेतसुद्धा टेबलं इतक्या वेळा हलवत नाहीत, आणि आमच्याकडे तर साहेब बदलला की पहिलं काम तेच असतं.

आता बी.कॉम. झालेला माणूस म्हणून मला हिशेब मान्य करावाच लागतो. राजस्थानने २०१०-११ मध्ये प्लेटमधून येऊन करंडक नेला. २०१३-१४ ला आमचा महाराष्ट्र क गटातून निघाला, वाटेत उपांत्यपूर्व फेरीत मुंबईला मुंबईतच हरवून अंतिम सामन्यापर्यंत गेला. मामाकडचा विदर्भ तर तीनदा विजेता झाला. गुणांप्रमाणे जागा मिळाली की गरिबाचं पोरही वर येतं. याविरुद्ध बोलायला माझ्याकडे शब्द नाहीत.

माझी अडचण वेगळीच आहे. दादरला माझा मामेभाऊ राहतो. चाळीस वर्षांत आम्ही एकमेकांना पत्र म्हणून लिहिलं नाही. आमचं नातं मुंबई-महाराष्ट्र सामन्यावर चाललं आहे. जानेवारी २०२३ मध्ये दोघं एका गटात होते. ब्रेबॉर्नवर पहिल्या डावात मुंबई ३८४, महाराष्ट्र ३८४! सामना अनिर्णित, आणि दोघेही स्पर्धेबाहेर. त्या रात्री आम्ही दीड तास फोनवर भांडलो. इतका आनंद मला बढतीच्या पत्रानेही झाला नव्हता.

पुढच्याच हंगामात महाराष्ट्र अ गटात, मुंबई ब गटात. मामेभावाचा फोन आला. "तब्येत कशी आहे?" म्हणाला. मी म्हटलं, "बरी आहे." मग पावसाबद्दल बोललो आणि फोन ठेवला. सौ.ने विचारलं, "दादाचं काही बिनसलंय का?" तिला काय सांगणार? भाऊबंदकीला बांधाला बांध लागतो. बांधच हलवला तर भांडायचं कशावरून, आणि भांडण नाही तर फोन तरी कशाला करायचा?

तिकडे इंग्लंडातही २००० साली काउंटीचे दोन डिव्हिजन झाले. यॉर्कशायर एकात आणि लँकेशायर दुसऱ्यात असला की त्या हंगामी त्यांची चार दिवसांची जुनी लढत होतच नाही. तिथेही कोणाचा तरी मामेभाऊ पावसाबद्दल बोलत असणार. तिथे पाऊस भरपूर, एवढाच काय तो दिलासा.

म्हणून माझी मागणी लहान आहे. गट गुणांवर करा, चिठ्ठ्या टाकून करा, पण वर्षातून एक सामना शेजाऱ्याशी ठेवा. आणि तो कधीतरी आमच्या गोल्फ क्लबवर, म्हणजे हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानावर होऊ द्या. जानेवारी २०२५ मध्ये बडोदा इथे येऊन ४३९ धावांनी हरून गेला. विजय उत्तमच होता, पण बडोद्यात माझं कोणी नाही हो!

मुंबईला पाठवा. मामेभावाच्या जेवण्याखाण्याची सोय माझ्याकडे. परतीचं तिकीट मात्र जो हरेल त्याने काढायचं.