विहिरीकडचं रान

सांगोल्याच्या आमच्या जमिनीतलं विहिरीकडचं रान धाकट्याचं, हे आबा सगळ्यांसमोर सांगायचे. तो शाळा सोडून तिथं राबला, डाळिंब लावलं. मी पुण्यात नोकरीला. "आबा, यात विचारायचं काय?" असं तेव्हा मीच म्हणालो होतो. फुकटचा मोठेपणा होता, घेऊन टाकला.

आबा गेल्यावर वारस नोंद झाली. आई आधीच गेलेली. सातबाऱ्यावर तीन नावं लागली: मी, धाकटा आणि बहीण. मुलींना बरोबरीचा हिस्सा देणारी दुरुस्ती महाराष्ट्रानं 1994 मध्ये केली, केंद्रानं 2005 मध्ये. हे मला पक्कं ठाऊक होतं. हक्कसोडपत्राची घाई त्यामुळंच होती. "तुझं नाव राहिलं तर उद्या तुझ्या सासरचे मध्ये पडतील," असं समजावून मी तिला दुय्यम निबंधकाच्या कचेरीत नेलं. यंत्रावर तिचा अंगठा उमटेना. कारकून वैतागला. तिनं बोट पदराला पुसलं, पुन्हा ठेवलं. कागद तिनं वाचला नाही, मीही वाचून दाखवला नाही. दर साली ज्वारीची दोन पोती पोचतील, हा माझा तोंडी शब्द. बाहेर आल्यावर साडी घेतली. तिनं स्वस्तातली निवडली. माझा तिसरा हिस्सा त्या दिवशी निम्मा झाला.

पुढं महामार्गाची मोजणी आली आणि विहिरीकडच्या रानाला भाव चढला. धाकटा म्हणाला, "दादा, आबा म्हणले होते तसं वाटप करून टाकू." मी विचारलं, "कागद आहे का?"

तो काही बोलला नाही. चहा न घेता गेला.

वाटपाचा दावा मीच लावला. मनाई हुकूम मिळाला, सातबाऱ्याच्या इतर हक्कात दाव्याची नोंद पडली आणि बँकेनं त्याचं पीककर्ज अडवलं. त्या साली तेल्या आला. फवारणीला पैसा नव्हता; त्यानं बाग उपटली. मी ते ऐकलं आणि पुढची तारीख विचारली. शेतजमिनीच्या वाटपाचा हुकूमनामा झाला तरी प्रत्यक्ष वाटप जिल्हाधिकाऱ्यांमार्फत होतं, मग मोजणी, मग फेरफार, हे वकिलांनी मला सांगितलं, फी घेतल्यावर.

आबा असं काही बोललेच नव्हते, अशी साक्ष बहिणीनं द्यावी म्हणून तिच्याकडं गेलो. तिनं ऐकून घेतलं. म्हणाली, "देते की. मग ज्वारीचंही तू बोलला नव्हतास, असं सांगू का?" पोती दोन सुगींनंतर बंद झाली होती. वाहतूक परवडत नाही, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं होतं. भावाकडं कागद मागणारा मी, बहिणीला मात्र शब्दावर भागवलं होतं. हे मला तिच्या ओसरीवर बसल्यावर कळलं. इतका हिशेबी माणूस मी, पण हा हिशेब राहिला होता.

लोकअदालतीत तडजोड झाली. विहिरीकडचं रान धाकट्याच्या नावावर लागलं. बाग त्यानं पुन्हा धरली नाही, मका करतो. कामापुरतं बोलतो. माझ्या वाट्यातली जमीन बहिणीला बक्षीसपत्रानं द्यायची ठरवली, तेव्हा ती चष्मा घेऊन आली. पहिल्या पानापासून वाचत बसली. मागची माणसं कुरकुरू लागली तरी उठली नाही. गट क्रमांक चुकला होता, तो तिनंच दाखवला.